नव्या पुंगळ्या आणि हैबतरावांची पट्टी

एका डोंगरी संस्थानात हैबतराव नावाचे एक नेमबाज होते. दर दसऱ्याला समोरच्या टेकाडावर आंब्याच्या फांदीला नारळ टांगला जाई आणि हैबतराव तो एका गोळीत फोडत. नारळ फुटल्याशिवाय सीमोल्लंघनाची पालखी हलत नसे. नेम चुकला, तर मात्र मानाची बंदूक तिथेच कायमची दुसऱ्याच्या हाती द्यायची, असा रिवाज होता. ती बंदूक हैबतरावांच्या वडिलांनी वापरलेली. तिच्यावर त्यांचा पोटच्या लेकरासारखा जीव होता.

बंदुकीची काडतुसं दादूमिया भरत. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, त्यांत पुन्हा दारू आणि गोळी भरायची, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. त्या वर्षी महाराज खूश झाले आणि त्यांनी कोऱ्या करकरीत पुंगळ्यांची पेटी दिली. दादूमियांनी थोड्या जुन्या, थोड्या नव्या अशा मिसळून भरल्या. खंडेनवमी जवळ आलेली. त्यांनी जुन्या पुंगळ्या चिंचेने घासून अशा लखलखीत केल्या, की नवी कुठली नि जुनी कुठली, हे त्यांनाही कळेना.

सरावात हैबतरावांची पहिली गोळी नेमकी लागली. दुसरी खाली गेली. तिसरी पुन्हा बरोबर, चौथी पुन्हा खाली. हैबतराव चक्रावले. गोळ्या खाली जातात म्हणून त्यांनी बंदुकीवरची नेम धरायची पट्टी थोडी वर सरकवली. आता खाली जाणारी बरोबर लागू लागली आणि बरोबर लागणारी वर जाऊ लागली.

गोंधळलेल्या माणसाला सल्ले फार मिळतात. कुणी म्हणालं वारा आहे, कुणी म्हणालं दृष्ट लागली. हैबतरावांनी डोळ्यांत गुलाबपाणी घातलं, चहा सोडला, बंदुकीवरून मिरच्या ओवाळल्या. वडिलांनी पट्टीजवळ एक बारीक खूण कोरून ठेवली होती. तिच्याकडे काही त्यांचं लक्ष गेलं नाही.

शेवटी ते दादूमियांकडे गेले. "मिया, तुमचा हात कापायला लागलाय. दारू कमीजास्त पडतेय."

"तीच दारू, तेच माप," दादूमिया म्हणाले. "काय होतंय, ते मलाही समजत नाही. पण हात नाही कापत माझा."

हैबतरावांनी ऐकलं नाही. दोघांचं बोलणं थांबलं. दादूमियांना याचं फार वाईट वाटलं. तरी झाडलेल्या पुंगळ्या त्यांनी नेहमीसारख्याच पुन्हा भरून पाठवल्या.

आता गंमत झाली. सगळ्या गोळ्या एकाच जागी जाऊ लागल्या, पण निशाणाच्या वर. हैबतरावांचं डोकं पार भणाणून गेलं. काल दोन ठिकाणी, आज एका ठिकाणी, आणि तेही चुकीच्या! 'आता हात लावायचाच नाही, उद्या देवी बघेल,' असं म्हणून ते झोपले.

दसऱ्याला सगळं गाव जमलं. हैबतरावांनी नेम धरला. गोळी नारळाच्या वरून निघून गेली. हैबतरावांनी डोळे पुसले आणि बंदूक पहाऱ्यावरच्या रंगोजी हवालदाराच्या हाती दिली.

रंगोजीने बंदूक उलटसुलट पाहिली, काहीतरी सरकवलं आणि गोळी झाडली. नारळ फुटला. पालखी निघाली.

"काय केलंस रे?" हैबतरावांनी विचारलं.

"काही नाही, दादा. पट्टी वर गेली होती. खुणेवर आणून ठेवली."

हैबतराव तसेच दादूमियांच्या कोठारात गेले. झाला प्रकार सांगताना त्यांना शरमेने वर बघवेना. दादूमियांनी पेटीत उरलेली एक कोरी पुंगळी काढली, तिच्याशेजारी एक झाडलेली उभी केली. दोघं वाकून बघत राहिले. झाडलेली अंगाने किंचित भरली होती.

"नवी तुमच्या बंदुकीत सैल बसत असणार," दादूमिया हळूहळू म्हणाले. "थोडा जोर वाया, म्हणून गोळी खाली. एकदा झाडली की फुगून बंदुकीच्या मापाची होते. मग जुनीसारखीच चालते. आणि मी सगळ्या घासून एकसारख्या केल्या. चूक माझीही आहे."

"म्हणजे तुमचा हात ठीक होता."

"होता."

"माझे डोळेही ठीक होते. बंदूकही ठीक होती."

"बंदूकही," दादूमिया म्हणाले. "पण आता ती रंगोजीची."

तात्पर्य: नव्याला आपल्या जागी बसायला थोडा वेळ लागतो, तेवढा धीर न धरता जो नीट असलेलं हलवतो आणि आपल्याच माणसावर संशय घेतो, त्याचं नुकसान नवं करत नाही, तो स्वतःच करतो.