राहेलबाईनं नाळ कापली नाही

फार वर्षांपूर्वी, नगरच्या मुलखात आगगाडी यायची होती तेव्हा, निमदरे गावात राहेलबाई नावाची सुईण होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली काही घरं नुकतीच ख्रिस्ती झाली होती, त्यांतलं एक तिचं. नवरा पटकीनं गेला होता, मूल एकही जगलं नव्हतं. तरी ही बाई रोज सकाळी उंबऱ्यात बसून प्रार्थना करायची आणि देवाचे उपकार मानायची, मोठ्यानं, रोज नव्या गोष्टीसाठी. पाण्याला जाणाऱ्या बायकांची त्यावर करमणूक होई.

“राहेले, आज कशाचे उपकार गं?”

“गुडघा दुखायचा थांबला, त्याचे.”

दुष्काळाच्या वर्षीही बायका मुद्दाम थांबल्या. “आता सांग, आज कशाचे?”

“तुम्ही अजून विचारता, त्याचे.”

असं म्हणतात की, तिच्या हातून एकही बाळंतीण दगावली नाही. वाटेत नदीला पूर असला तर पाणी तिच्या घोट्याएवढं होई, असंही म्हणतात. गाव हे सगळं हौसेनं सांगतं. एक गोष्ट मात्र गाळतं, म्हणून ती मी सांगतो. ज्या हातांनी गावाची पोरं जगात आणली, त्या हातांचं पाणी गाव पीत नव्हतं. ती मागच्या दारानं आत यायची, मागच्याच दारानं जायची, आणि ती गेली की तिच्या पावलांवर गोमूत्र शिंपडलं जाई. नाळ कापणं हे तिच्याच लोकांचं काम. दुसऱ्या कुणी नाळेचं पातं हातात घेतलं तर तो बाटला. हा नियम गावानं केला होता.

पाटलाच्या घरी सून बाळंत व्हायची होती. सोनाई तिचं नाव. आधीच्या साऱ्या मुली, आणि त्यांतल्या दोन जन्मल्या दिवशीच ‘गेल्या’ होत्या. कशा गेल्या, हे विचारायची गावाला हिंमत नव्हती. त्या दोन्ही वेळी दुसरी सुईण होती. या वेळी ती आजारी, म्हणून राहेलबाईला बोलावणं आलं.

उन्हं अंगणात आली आणि मूल झालं. मुलगी. राहेलबाईनं नेहमीप्रमाणे डोळे मिटून देवाचे उपकार मानले. डोळे उघडले तर सोनाईची सासू गजराबाई कानाशी वाकलेली.

“बाहेर सांग, मेलेलीच निघाली. पुढचं आम्ही बघतो.”

सोनाईनं सुईणीचा पदर धरला.

राहेलबाईनं पातं खाली ठेवलं. “पाटलीणबाई, नाळ आहे तोवर पोर आईची. कापली की घराची. ज्या घराला हिचे उपकार मानता येत नाहीत, त्या घराच्या हाती मी ही द्यायची नाही.”

आणि ती मूल आईच्या पोटावर ठेवून बसून राहिली.

दुसरी सुईण अंथरुणावर, वस्तीतलं आणखी कुणी यायला तयार नाही, आणि घरातल्या कुणी पातं धरलं तर तो बाटणार. नाळ तुटल्याशिवाय चूल पेटवायची नाही, अशी त्या घरची रीत. माणसं उपाशी, गडी उपाशी. दुपारी पाटील स्वतः दाराशी आला.

“काप म्हणतो ना. नाहीतर तुझं खोपट उपटून टाकीन.”

“टाका. त्याआधी हे पातं घ्या आणि तुम्हीच कापा.”

पाटील दोन पावलं मागे सरला. गावावर हुकूम चालवणारा माणूस एका पात्याला भ्याला.

असं म्हणतात की, सूर्य माथ्यावर आला, कलला, तरी नाळेतली धडधड थांबली नाही. पोर रडली नाही, काळीनिळी झाली नाही, उघड्या डोळ्यांनी एकेकाकडे बघत राहिली. गोठ्यातल्या गाई वैरणीला तोंड लावीनात. राहेलबाईचे ओठ तेवढे हलत होते.

दिवस कलला तेव्हा गजराबाई येऊन भुईवर बसली, सुईणीच्या शेजारी. बाटण्याचं भान तिला उरलं नव्हतं.

“मला तुझी प्रार्थना येत नाही, राहेले.”

“माझी कशाला? तुमच्या देवाला सांगा. मनापासून सांगा म्हणजे झालं.”

गजराबाई बराच वेळ पोरीकडे बघत होती. पोरही तिच्याकडे.

“पोर आली,” ती शेवटी म्हणाली. “बरं झालं.”

कुणी म्हणतं, तिला रडू फुटलं होतं. कुणी म्हणतं, भुकेनं म्हणाली. ते काही असो, राहेलबाईनं नाळ कापली, आणि असं म्हणतात की पोरीनं असा टाहो फोडला की गोठ्यातल्या बैलांनी दावी तोडली. ती मुलगी जगली, म्हातारी होऊन मेली. राहेलबाई त्यानंतर किती जगली, कुणी सांगत नाही. तिची कबर नदीकाठी आहे, कबरीवर नाव नाही.

निमदऱ्यात आजही, कुठल्याही जातीच्या, कुठल्याही धर्माच्या घरी मूल झालं, की घरातल्या कुणीतरी “आलं, बरं झालं” म्हटल्याशिवाय नाळ कापत नाहीत. उपकेंद्रातल्या सिस्टरही कात्री हातात घेऊन दाराकडे बघतात. मुलगा असला की शब्द धावत येतात. मुलगी असली की अजूनही कधीकधी दाराबाहेर शांतता असते. सिस्टर थांबतात.