चेरीला लागलेले पेरू

जपानमधल्या विद्यापीठाशी आमचा करार झाला, तेव्हा तिथं मराठी शिकवणाऱ्या हारुकोबाईंनी आमच्या आवारात चेरीचं रोप लावलं आणि पुढे 'मैत्रीचं झाड' अशी पाटी रोवली. पाण्यावाचून ते वाळलं. दोन वर्षांनी बाई पुन्हा येणार म्हटल्यावर कुलगुरूंनी नर्सरीतून दुसरं झाड आणून त्याच पाटीमागे लावून घेतलं.

"मैत्रीचं हे झाड मी जातीनं सांभाळलंय," कुलगुरू ऐटीत म्हणाले.

बाईंनी पाहिलं. फांदीला पेरू लटकत होते.

"आमचे दोन विद्यार्थीही तुमच्याकडेच आहेत ना?" त्यांनी शांतपणे विचारलं. "त्यांनाही असंच सांभाळलं असेल, तर परत नेण्याआधी त्यांचे चेहरे मला नीट पाहावे लागतील."

कुलगुरूंनी मान खाली घातली. मागे उभ्या असलेल्या आम्हा प्राध्यापकांनी ती आधीच घातली होती.