उसना सोमवार

इंग्लंडमधल्या एका जुन्या शहरात एकदा एक वृद्ध वकील होते. त्यांच्या हाताखाली शिकायला आपल्या कऱ्हाडची एक मुलगी आली होती. हेमांगी तिचं नाव. तिकडची रीत अशी, की परीक्षा कितीही उत्तम दिलेल्या असोत, नवख्याला वर्षभर एखाद्या जाणत्या वकिलाजवळ शिष्य म्हणून राहावं लागतं. पहिले सहा महिने तर न्यायालयात तोंडही उघडायचं नाही. गुरूच्या मागच्या बाकावर बसायचं, पाहायचं आणि ऐकायचं.

हेमांगीला हे नुसतं ऐकणं फार जड जाई. समोरचा अडखळला की त्याचं वाक्य तिच्या ओठांवर तयार असे. मग ती मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सोडी, लावी, पुन्हा सोडी.

"त्या पट्ट्याने तुझं काय बिघडवलंय?" गुरुजी विचारत.

वकिलांनी कसं वागावं याचं तिकडे एक जाडजूड नियमांचं पुस्तक आहे. ते अधूनमधून बदलतं. नियम सांभाळणारं मंडळही पूर्वीसारखं राहिलेलं नाही, त्यात आता वकील नसलेली माणसंही बसतात. जुन्या वकिलांची त्यावर कुरकुर चाले. एकजण एकदा म्हणाले, "आमच्या वेळी कुणी चुकला, तर जेवणाच्या टेबलावर वडीलधारे दोन शब्द सुनवत. तेवढ्यात भागत असे."

"भागत असे, पण कुणाचं?" गुरुजी म्हणाले. "ज्याचं नुकसान झालं, तो त्या टेबलावर कधी नसेच."

हेमांगीला मात्र पुस्तकाची नवी आवृत्ती तोंडपाठ होती. तिथला एक नियम आपल्याकडच्या माणसाला जरा नवलाचा वाटेल. साक्षीदाराला पढवायचं नाही. त्याला धीर द्यावा, न्यायालयात कोण कुठे बसतं ते सांगावं, पण त्याने काय बोलावं याची तालीम घ्यायची नाही. परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर तिने झोकात लिहिलं होतं.

अशात द्वारकामावशींचा खटला आला. मावशी मूळच्या वेंगुर्ल्याच्या. पतीच्या पाठोपाठ त्या देशात गेल्या, आणि ते वारल्यावर एका वृद्धाश्रमात स्वयंपाकीण म्हणून राहिल्या. तिथल्या जेवणघरात हात धुण्याच्या नळाला अचानक उकळतं पाणी येऊ लागलं. एका गुरुवारी एका आजोबांचा हात त्याखाली भाजला. आश्रमाचं म्हणणं, नळ बिघडल्याचं स्वयंपाकिणीला ठाऊक होतं आणि तिने कुणालाच सांगितलं नाही. मावशींचं म्हणणं, मी मॅनेजरबाईंना सांगितलं होतं. त्यांना कामावरून काढून टाकलं. असा डाग लागल्यावर आजारी, म्हाताऱ्या माणसांच्या आसपासचं काम त्यांना पुन्हा कुणी दिलं नसतं, आणि दुसरं काम त्यांना येत नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी गुरुजी समोरच्या वकिलांना भेटायला गेले. दुभाषी अजून यायचा होता. बाहेरच्या छोट्या खोलीत मावशी आणि हेमांगी दोघीच उरल्या. मावशींनी तिच्याकडे वळून विचारलं,

"काय विचारतील गो ते?"

"मॅनेजरबाईंना कधी सांगितलंत, ते विचारतील. कोणत्या दिवशी, किती वाजता."

"वार कुठला लक्षात राहायला! माशाला पीठ लावत होते. हात सगळे माखलेले. खांद्याने दार लोटलं नि म्हटलं, मॅडम, तो नळ बघा, कुणाचा तरी हात जाईल. त्या कागदांत डोकं घालून बसलेल्या."

"पण अंदाजे?"

"आठवड्याच्या सुरुवातीला असेल. काय की बाय!"

समोरचा वकील या बाईला दोन मिनिटांत गुंडाळणार, हे हेमांगीला लख्ख दिसत होतं. मासे, पीठ, खांदा! घड्याळाचा पट्टा तिने सोडला, लावला. मग ती मावशींजवळ सरकली आणि मराठीत हळूच म्हणाली, "मावशी, असं अडखळू नका. सरळ सांगा, सोमवारी सकाळी दहा वाजता मी मॅनेजरबाईंना नळाची स्पष्ट सूचना दिली. म्हणा बघू."

"सोमवारी सकाळी…"

"दहा वाजता."

"दहा वाजता मी स्पष्ट सूचना दिली. सूचना म्हणजे सांगणंच ना?"

"हो. पुन्हा एकदा म्हणा."

मावशी भिंतीकडे बघत म्हणू लागल्या. हेमांगीने मान वर केली, तर दारात गुरुजी उभे.

"त्या काय पाठ करताहेत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, सर. मी धीर देत होते."

"इंग्रजीत सांग."

तिने सांगितलं. दुभाषी आल्यावर त्याला घेऊन गुरुजी मावशींसमोर बसले. "बाई, जे झालं ते मला न्यायाधीशांना सांगावं लागेल. तुम्हाला ते नको असेल, तर मला तुमच्या खटल्यातून दूर व्हावं लागेल. तुमची इच्छा काय?"

"सांगा की," मावशी म्हणाल्या. "नाहीतरी मला ते पाठ होतच नव्हतं."

आणि मग गुरुजींनी ते केलं. न्यायाधीशबाई येऊन बसताच ते उठले आणि म्हणाले, "सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवायची आहे. आज सकाळी माझ्या साक्षीदाराला एक उत्तर पढवण्यात आलं. ते माझ्या शिष्येने केलं, म्हणजे माझ्या कार्यालयाने केलं. ते उत्तर 'सोमवारी सकाळी दहा वाजता' असं होतं. कुठल्याही बाजूने त्याचा आधार घेऊ नये."

समोरच्या वकिलाने भुवया उंचावल्या. मागच्या बाकावर हेमांगीला वाटलं, जमीन दुभंगावी. हे कुणाला कळणार होतं? त्या खोलीत मराठी समजणारं दुसरं कोण होतं? स्वतःच्या हाताने या माणसाने मावशींचं घर बुडवलं, आणि माझंही.

मावशींची साक्ष सुरू झाली. समोरचा वकील गोड हसून म्हणाला, "बाई, मी आता जे विचारीन त्याचं उत्तर तुमचं असेल, की बाहेरून शिकवून पाठवलेलं?"

दुभाष्याने मराठीत विचारलं. मावशी म्हणाल्या, "शिकवलेलं होतं ते त्या म्हाताऱ्याबाबांनी आधीच सांगून टाकलं. आता माझ्याजवळ माझंच उरलंय."

न्यायाधीशबाईंच्या ओठांवर हसू येऊन गेलं. मावशींनी मग आपल्या पद्धतीने सांगितलं. वार आठवत नाही. वेळ आठवत नाही. मासे, पीठ, खांद्याने लोटलेलं दार. "नि पीठ लागलं त्यांच्या दाराला. त्यावरून त्या माझ्यावर ओरडल्या."

हे पिठाचं आणि ओरडण्याचं हेमांगीने पहिल्यांदाच ऐकलं. सकाळी तिने तिथपर्यंत पोचूच दिलं नव्हतं.

दुपारी मॅनेजरबाई साक्षीला उभ्या राहिल्या. बाई सरळ दिसत होत्या. नळाबद्दल मला कुणी सांगितलं नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं आणि त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वासही होता. गुरुजींनी सौम्यपणे विचारलं, "अपघाताच्या त्या आठवड्यात सोमवारी तुम्ही कामावर होतात?"

"सोमवारी मी कधीच नसते. माझी सुट्टी असते."

हेमांगीला सकाळी आपणच पढवलेला सोमवार आठवला.

"आणि तुमच्याकडे मासे कधी असतात?"

"मंगळवारी."

"त्या मंगळवारी दाराला पीठ लागलं होतं का?"

मॅनेजरबाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. किती तरी वेळ त्या समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "हो. मी तिला दारावरून बोलले. ती… ती काहीतरी सांगत होती. मी ऐकलं नाही."

कामकाज संपलं. निकाल पुढे यायचा होता. इमारतीबाहेरच्या बाकावर गुरुजी बसले होते. हेमांगी समोर उभी राहिली. तिला बसवत नव्हतं.

"सर, तुम्हाला आमची भाषा येत नाही. मग कळलं कसं?"

"माणूस आठवून बोलतो तेव्हा अडखळतो, हात हलवतो, मागे जातो. त्या बाई भिंतीकडे बघत एकाच चालीत बोलत होत्या. ते ओळखायला भाषा लागत नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू त्या स्वयंपाकघरात होतीस का?"

"नाही."

"मीही नव्हतो. न्यायाधीशबाईही नव्हत्या. त्या बाईंची आठवण ही आपल्या सगळ्यांना मिळालेली एकच खिडकी. काच मळकी असेल, तडकलेली असेल, तरी तिच्यातून बाहेरचं दिसतं. तुला दया आली आणि तू त्या काचेवर सुबक चित्र काढलंस. चित्रात सोमवार होता. बाहेर मंगळवार होता."

"पण सोमवारी त्यांची सुट्टी असते, हे तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

"नव्हतंच. सोमवार खरा निघाला असता, तरी मी हेच केलं असतं. त्या हरल्या असत्या, तरीही."

"त्यांचं सगळं गेलं असतं, सर."

"हो. म्हणून तर सकाळी उभं राहताना मी टेबल धरलं होतं. तू मागे होतीस, तुला दिसलं नाही." ते बाकावरून उठले. "आता नियामक मंडळाला कळवायचं. तुझं तू कळव, माझं मी कळवीन. तुला त्या बाईंजवळ एकटं सोडून गेलो, तो मी."

हेमांगीने सवयीने त्या नियमाचा क्रमांक सांगितला. गुरुजी हसले. "माझ्या हयातीत तो क्रमांक कितीदा बदलला. मी लक्षात ठेवणं सोडून दिलं. नियम मात्र तोच आहे."

निकाल मावशींच्या बाजूने लागला. त्यांच्या नावावरचा डाग पुसला गेला. हेमांगीला मंडळाने समज दिली आणि तिचं शिष्यपण सहा महिन्यांनी वाढवलं. ते सहा महिनेही तोंड न उघडता ऐकण्याचेच होते. या वेळी तिला ऐकू बरंच आलं.

पुढे ती स्वतः वकील झाली. एका सुनावणीआधी तिच्यासमोर एक घाबरलेले गृहस्थ बसले होते, साताऱ्याकडचेच. तिने त्यांना पाणी दिलं, न्यायाधीश कुठे बसतात, दुभाषी कुठे उभा राहील ते सांगितलं. तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. शेवटी ते पुढे झुकून मराठीत कुजबुजले, "ताई, आपल्या माणसाला तरी सांगा, मी आत नेमकं काय बोलू?"

हेमांगीची बोटं घड्याळाच्या पट्ट्याकडे गेली आणि तिथेच थांबली.

"मला काय माहीत, काका," ती म्हणाली. "मी तिथं नव्हते. तुम्ही होतात."