दानशूर कोणाला म्हणावे

एका धनिक श्रेष्ठीने सभेत ‘दानशूर’ या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा शास्ता म्हणजे भगवान बुद्ध यांनी आपल्या पूर्वजन्मीची ही गोष्ट सांगितली. पूर्वी मंदारपूर नगरात धनकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्याचे नाव सुदर्शी. शब्दाचा अर्थ लावावा तर त्यानेच, असा त्याचा लौकिक होता. त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकाही दानपत्रावर राजमुद्रा उमटत नसे.

राजाने नगरात चार दानशाळा उघडल्या होत्या. लोकांनी आपल्याला ‘दानशूर’ म्हणावे, अशी त्याची फार इच्छा. त्याने दवंडी पिटवली, की हे बिरुद दुसऱ्या कोणी मिरवू नये, मिरवल्यास हद्दपारी.

थोड्याच दिवसांत शिपायांनी कुरंगी नावाच्या बाईला दरबारात आणले. ती वेशीबाहेर राहून चटया विणीत असे. मागे साथीच्या तापाने खंगलेला एक तांडा नगरापाशी आला, तेव्हा रक्षकांनी वेस लावून घेतली होती. कुरंगीने त्या लोकांना आपल्या झोपडीत घेतले. सहा जण वाचले. तिचा नवरा मात्र त्याच तापाने गेला. तेव्हापासून वस्तीतली माणसे तिला दानशूर म्हणत.

राजा म्हणाला, “अमात्य, हा शब्द हिला शोभत नाही, एवढे भर दरबारात सांगा. पाच गावे तुमची.”

 सुदर्शीची तीस वर्षांची चाकरी, मागे मोठा संसार. राजाचा राग त्याला ठाऊक होता. त्याने कुरंगीकडे वळून विचारले, “बाई, दार उघडताना भीती नाही वाटली?”

“वाटली की. फार वाटली.”

“मग उघडलेस कशाला?”

“बाहेर पाणी मागत होते ना, बाबा.”

 सुदर्शीने राजाकडे वळून हात जोडले. “महाराज, ज्याचा हात सढळ तो उदार. ‘उदार’ हा शब्दही मोठा आहे आणि तो आपलाच आहे. पण दानशूर म्हणताना त्यात शूर येतो. भय समोर उभे असताना जो देतो, त्यालाच तो शब्द लागतो. तो या बाईचा आहे.”

“म्हणजे मी भित्रा?”

“ते अजून कोणालाच ठाऊक नाही, महाराज. आपल्यालाही नाही.”

राजाने रागाने त्याची अमात्यपदाची वस्त्रे उतरवून घेतली आणि दोघांनाही हद्दपार केले. सीमेपलीकडच्या गावातही तीच साथ होती. कुरंगी तिथे आजाऱ्यांची सेवा करू लागली. सुदर्शी पाणी भरू लागला.

इकडे राजाला कोणी दानशूर म्हटले की त्याची मान खाली जाई. शेवटी महिनाभराने तो एकटाच त्या गावी आला आणि आजाऱ्यांच्या छपराबाहेर थबकला.

“सुदर्शी,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “मला भीती वाटते.”

“मलाही रोज वाटते, महाराज,” सुदर्शी म्हणाला आणि त्याने पाण्याचा घडा पुढे केला.

राजाने तो घेतला आणि वाकून आत गेला.

एवढे सांगून शास्ता भिक्षूंना म्हणाले, “आज सभेत ज्याने या शब्दाचा अर्थ विचारला, तो श्रेष्ठी तेव्हा धनकेतू होता. विहारातल्या आजाऱ्यांच्या उशाशी बसणारी ती वृद्ध भिक्षुणी म्हणजे कुरंगी. आणि सुदर्शी मीच होतो.” भय असूनही देत राहणे, हीच दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता.