चार पाट आणि चाळीस मणांचा लेथ

सावळगडच्या राजेसाहेबांचा नवा लेथ दाराशी अडून बसला होता, आणि तो चाळीस पावलांवरच्या खिडकीपाशी कसा न्यावा हे दरबारातल्या एकाही विद्वानाला सुचत नव्हतं. लोखंड कातायचं ते यंत्र चाळीस मणांचं होतं. हत्तीने सोंडेने रेटून ते कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत सारलं होतं. हत्ती स्वतः दारात मावेना, म्हणून पुढचं काम राहिलं.

आत शहाबादी फरशी होती, राजेसाहेबांनी हौसेने घासून गुळगुळीत करवलेली. तिच्यावर एक चरा उठता कामा नये आणि खंडेनवमीची पूजा खिडकीच्या उजेडातच व्हायला हवी, असं सांगून राजेसाहेब मोकळे झाले. हट्ट धरणं एवढंच त्यांचं काम होतं, आणि ते ते मनापासून करत.

घारपुरे इंजिनीअर एकदा विलायत पाहून आले होते आणि तेव्हापासून दुसरं काहीच करत नव्हते. त्यांनी सात दिवस फरशी मोजली आणि अकलेचे तारे तोडले: मागची भिंत पाडावी, हत्ती तिकडून आत घ्यावा, आणि त्याच्या पायाखाली गाद्या अंथराव्यात. दिवाण त्र्यंबकरावांना ही युक्ती फार आवडली. त्या भिंतीला टेकूनच भिवा लोहाराची भट्टी आणि घर होतं. पण लोहाराचं घर म्हणजे काही घर नव्हे, असं दिवाणांचं मत होतं. आठ दिवसांत जागा खाली करा, असा हुकूम निघाला.

भिवा हुकूम ऐकून मटकन खाली बसला. त्याची मुलगी चांगुणा मात्र पदर खोचून थेट दरबारात गेली. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. एवढे पागोटेवाले एका यंत्रापुढे हात टेकतात आणि राग भिंतीवर काढतात, याची तिला शिसारी आली होती.

"सरकार, भिंत पाडू नका. लेथ मी हलवते," ती म्हणाली.

दरबार खो खो हसला. घारपुऱ्यांनी कागद फडकवून सांगितलं की एकशेवीस माणसं लागतील, आणि तेवढ्यांना आत उभं राहायलाही जागा नाही. राजेसाहेबांनी मिशीवर हात फिरवत तिला विचारलं, तुला किती लागतील?

"ओढायला एक. पण तो मी निवडीन, आणि कोण ते पूजेच्या दिवशीच सांगीन."

"निवड. मात्र चरा उठला तर भिंतही जाईल, आणि तुम्ही बापलेक गावातून जाल," राजेसाहेब म्हणाले.

चांगुणाने मुदपाकखान्यातून सागवानी पाट मागवले, जेवायला बसायचे, चांगले जाड, चार. यंत्राला पंगतीला बसवणार वाटतं, असं म्हणून दिवाण आपल्याच विनोदावर पोट धरून हसले. सुताराकडून चांगुणाने बाभळीचे गुळगुळीत रूळ करून घेतले, बापाने आस घडवले, आणि प्रत्येक पाटाखाली चार-चार रूळ बसले. आसांना एरंडेल चोपडलं. लेथचा पाय घसरू नये म्हणून पाटाला वरून खाच पाडली. घारपुरे येऊन बघून गेले आणि बाभळीच्या लाकडावर विलायती यंत्र, असं म्हणत त्यांनी नाक मुरडलं.

खंडेनवमीच्या सकाळी सगळा दरबार कारखान्यात जमला. भिवाने लाकडी ठोकळ्यावर पहार टेकवून लेथचा एकेक कोपरा वीतभर उचलला आणि चांगुणाने एकेक पाट खाली सारला. चारही पाय पाटांवर बसले. तिने यंत्राला दोर बांधला, त्याचं टोक हातात घेतलं आणि दरबाराकडे पाहिलं. दाराशी उभ्या असलेल्या तालमीतल्या पैलवानांनी दंड चोळले.

"दिवाणसाहेब, या."

दिवाणांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. वीस वर्षांत त्यांनी पाण्याचा तांब्यादेखील स्वतः उचलला नव्हता. पण राजेसाहेबांनी शब्द दिला होता, आणि गंमत तर त्यांनाही पाहायची होती. दिवाणांनी पागोटं सावरलं, दोर धरला आणि डोळे मिटून अंगाचा सगळा भार मागे टाकला.

लेथ हलला. एक पाऊल, दोन पावलं, मग आपसूक चालू लागला. दिवाण धापा टाकत, शिव्या गिळत मागे सरकत राहिले आणि लेथ त्यांच्यामागोमाग येत राहिला. खिडकीपाशी त्यांची पाठ भिंतीला टेकली, चांगुणाने पाटापुढे पाचर सारली आणि यंत्र थांबलं. राजेसाहेबांनी स्वतः वाकून फरशी तपासली, बोट फिरवून पाहिलं. एकही चरा नव्हता. घारपुरे आपला कागद घडी घालून खिशात लपवत होते.

"एवढे पैलवान उभे असताना तू यांनाच का निवडलंस?" राजेसाहेबांनी विचारलं.

"सरकार, पैलवानानं ओढला असता तर मंडळी म्हणाली असती, ताकदीनं हलला. दिवाणसाहेबांनी ओढल्यावर तसा संशय कुणालाच यायचा नाही."

मग राजेसाहेब असे हसले की त्यांना लेथलाच धरून उभं राहावं लागलं. डोळे पुसत त्यांनी भिंतीचा हुकूम सगळ्यांसमोर फाडला, हातातलं सोन्याचं कडं काढून चांगुणाला दिलं आणि कारखान्याची सगळी यंत्रं भिवाच्या हाताखाली दिली. घारपुऱ्यांना काय काम द्यावं, असं कुणीतरी हळूच विचारलं, तेव्हा राजेसाहेबांना पुन्हा हसू फुटलं.