शेवंतीच्या रानातला उजेड

“नाव सांगा, बाबा. एवढंच विचारायला आलोय. करणी कुणी केली?”

टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर बसून लतीफबाबा आपली जुनी, जाड शाल शिवत होते.

“नाव मला ठाऊकच आहे,” कारभारी ठुबे म्हणाला. “तुमच्या तोंडून ऐकायचंय. मग करणी उलटी फिरवून द्या.”

कारभारी म्हणजे पंचक्रोशीतला सगळ्यात मोठा फुलबागायतदार. त्याची शेवंती पुण्याच्या बाजारात त्याच्या नावावर खपायची. गंडेदोरे करणाऱ्यांना तो आजवर हसत आला होता. आज मात्र दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, अन् भर दुपारी तो धापा टाकत टेकडी चढून आला होता.

“काय होतंय घरात?”

“झोप नाही. कुणालाच नाही. बायको डोकं धरून बसते, काही विचारलं की अंगावर येते. माझं काळीज उगाच धडधडतं. कोंबडा अपरात्री आरवतो. अन् आई…”

“आई?”

“मध्येच उठते. उजाडलं म्हणते, अन् अंगण झाडायला लागते. हात धरून आत आणली की मलाच विचारते, दिवसाढवळ्या कसली रे झोप? परवा पायरीवरून पडली. अजून नीट चालता येत नाही तिला. हे काय साधं आहे, बाबा?”

बाबांची सुई क्षणभर थांबली, पुन्हा चालू लागली.

“तुझ्या भावाच्या घरी?”

“एकनाथच्या? ओढ्यापलीकडं? तिथं सगळे घोरत पडतात!” कारभारी पुढं सरकला. “मी तेच म्हणतोय. माझंच घर का? दसऱ्याला त्याच्या बायकोनं, सिंधूनं, वाटीभर खीर पाठवली. आईनं खाल्ली. तिथून सुरू झालं सगळं. अन् हे बघा, हे बांधावर सापडलं.”

त्यानं रुमालाची गाठ सोडली. आत एक लिंबू होतं. त्याला हात न लावता त्यानं रुमालच पुढं सरकवला.

बाबांनी लिंबू उचललं, हुंगलं. सुरीनं चिरलं. पेल्यातल्या पाण्यात पिळून, चिमूटभर मीठ टाकून ढवळलं आणि पेला पुढं केला.

कारभारी खांबाला जाऊन टेकला. “मी नाही पिणार!”

“बरं,” म्हणून बाबांनीच तो पेला शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

कारभारी टक लावून पाहत राहिला. आता यांना घाम फुटेल, आता डोळे फिरतील… बाबांनी मिशी पुसली आणि पुन्हा सुई हातात घेतली.

कारभारीच्या मनात पाल चुकचुकली. सिंधू दर गुरुवारी इथं येते. हे तिच्याच बाजूचे तर नसतील?

“रात्री इथून तुझं रान दिसतं,” बाबा म्हणाले. “पार पलीकडच्या घाटातूनही दिसत असेल.”

“दिसणारच!” कारभारीचा आवाज चढला. कितीही झालं तरी तो त्याच्या अभिमानाचा विषय होता. “एलईडी दिवे आहेत ते. रात्र मोठी व्हायला लागली की शेवंती कळ्या धरते. सगळ्यांची फुलं एकदम बाजारात येतात अन् मातीमोल होतात. म्हणून मी रानभर दिवे लावतो. तिला वाटतं, दिवस अजून मावळलाच नाही. मी म्हणेन तेव्हाच ती फुलते.”

“फसते?”

“हमखास. पूर्वी पिवळे बल्ब होते. वीज फार खायचे, थोडा वेळ लावून बंद करावे लागायचे. हे पांढरे नावालाच वीज घेतात. म्हणून दुप्पट लावले. चालू केले की थेट सकाळीच बंद.”

“कधीपासून?”

“दसऱ्याच्या…” कारभारी अडखळला. “त्याच सुमारास. त्याचं काय?”

“अंगणातही आहेत?”

“अंगणात मोठा फ्लडलाइट बसवलाय. सिंधू येऊन काही पुरून जात असेल तर दिसायला नको? मग झोप आणखीच उडाली, तेव्हा मागच्या दारालाही एक लावला. आता खिडकीतून सगळं लख्ख दिसतं.”

“काय दिसलं?”

“…काही नाही.”

बाबांनी शेवटचा टाका घातला.

“म्हणजे ती सावध झालीय,” कारभारी म्हणाला.

बाबांनी दातानं दोरा तोडला. उठले, आणि काही कळायच्या आत ती जाड शाल कारभारीच्या डोक्यावरून टाकली. चेहरा, खांदे, सगळं झाकलं गेलं.

“काढू नकोस.”

आत काळोख होता. उदाचा वास होता. कारभारीनं कान टवकारले. बाबा कुठं चालले? कुणाशी कुजबुजताहेत? आपल्या शेंडीचा केस तर कापून नेणार नाहीत? अजून थोडा वेळ बघू, मग ही शाल भिरकावून देऊ. बाहेर पावलं वाजली. की पारव्याचे पंख होते ते? बघू अजून थोडं…

त्याला जाग आली तेव्हा ऊन ओट्यावरून उतरून गेलं होतं. मान खांबाला कलली होती. बायकोनं डोकं चेपून दिल्यावर वाटावं तसं हलकं वाटत होतं. क्षणभर तो तसाच पडून राहिला. मग एकदम शाल झटकून उभा राहिला.

“काय केलंत मला?”

“अंधार.”

“खोटं! या शालीत काहीतरी होतं!”

“भोकं होती,” बाबा म्हणाले. “ती शिवली.”

“मी इथं पाण्याचा थेंब घेतला नाही, तरी मला झोप लागते? तुम्हाला तिनंच सांगून ठेवलंय. बोला ना! सिंधूनं सांगितलंय की नाही?”

बाबांनी शाल उचलली, नीट घडी घातली.

कारभारी तावातावानं पायऱ्यांकडे वळला आणि तिथंच थबकला. दिवस नुकता मावळला होता. खाली त्याचं रान एका झटक्यात पांढरंफटक पेटलं. टायमर लावलेला होता. त्या उजेडात त्याचं घर, गोठा, खुराडं, आईच्या खोलीची खिडकी, सगळं बुडालं होतं. ओढ्यापलीकडे एकनाथचं घर त्यानं बराच वेळ शोधलं. काळोखात ते सापडेना.

टेकडीवरून त्यानं आपलं घर असं कधी पाहिलं नव्हतं.

तो एक पायरी उतरला, पुन्हा वर आला. बाबांकडे न बघता, कुणाशीतरी भांडायला आल्यासारखा तो म्हणाला, “ते दिवे शेवंतीसाठी आहेत, बाबा. माणसांसाठी नाहीत.”

“हे तू दिव्यांना सांगितलंस का?”