मुक्या घटका

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा घड्याळाला ना काटे होते, ना किल्ली. वेळ मोजायची ती पाण्यावर. कशी, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐन रंगात कुणी मध्ये तोंड घालायला नको. एका मोठ्या घंगाळात पाणी भरायचं आणि त्यावर तांब्याची एक वाटी तरंगत सोडायची. वाटीच्या बुडाला बारीकसं भोक. त्यातून पाणी हळूहळू आत शिरायचं आणि वाटी भरली की गुडुप. वाटी बुडाली म्हणजे एक घटका झाली. लगेच ती उपसायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. या वाटीला घटिकापात्र म्हणत.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. नदीवर एक बांध, बांधातून निघालेला एक पाट आणि पाटाच्या दोन्ही अंगांना गावाची शेतं. पाणी सगळ्यांना पाळीपाळीनं मिळे आणि पाळी मोजली जाई घटिकापात्रावर. वाटी बुडाली की देवळाच्या ओवरीत टांगलेल्या काशाच्या थाळीवर टोला पडे. टोला ऐकला की ज्याची पाळी संपली त्यानं आपल्या शेताचं तोंड बुजवायचं आणि पुढच्यानं आपलं उघडायचं. पाण्याचा हंगाम असे तेव्हा दिवस आणि रात्र साधारण सारखी, त्यामुळे उगवतीपासून मावळतीपर्यंत तीस घटका. तीस टोले पडले की पाट बंद, मग पाणी नदीला.

टोला द्यायचं काम हैबतीच्या घराण्याकडे होतं. गाव वसवणाऱ्या मूळपुरुषानं ते पात्र स्वतःच्या हातानं हैबतीच्या पणजोबाला दिलं होतं. हैबती त्याला जपायचा म्हणजे किती? बायको म्हणायची, एवढं मला जपलं असतं तर सोनं झालं असतं. रोज पहाटे चिंच आणि राख लावून तो पात्र लखलखीत घासायचा. मग पोलादाची बारीक सळई त्या भोकातून तीनदा आत-बाहेर फिरवायचा, वाळूचा कण अडकला असेल तर निघावा म्हणून. मग हळदकुंकू, मग सूर्याला नमस्कार आणि मग पात्र पाण्यात. बापानं तसं केलं, आज्यानं तसं केलं, तोही तसंच करत होता.

आणखी एक रीत होती. तीस टोले झाल्यावरही सूर्य थोडा वर असायचा. तेवढ्या वेळात पात्र बुडवत राहायचं, पण टोला द्यायचा नाही. या झाल्या मुक्या घटका. लहानपणी हैबतीनं बापाला विचारलं होतं, या कशासाठी? बाप म्हणाला होता, मूळपुरुषाच्या मानाच्या. झालं. मानाचं म्हटल्यावर आपल्यात पुढे कोण विचारतो?

पाटाच्या अगदी शेवटी सारजाकाकीचं शेत होतं. मुलगा राजाच्या फौजेत, घरी काकी आणि सून. शेतात मिरची. गेल्या हंगामात ती सगळी करपली होती. आणि गावाचा नियम कडक होता. सलग दोन हंगाम ज्याचं पीक वाळलं, त्याची पाळी काढून दुसऱ्याला द्यायची, कारण पाणी वाया घालवायला गावाकडे नव्हतं. यंदाही मिरची गेली तर काकीची पाळी जाणार होती. आणि पाळी गेल्यावर त्या शेतात काय दगड पिकवायचे?

एक दिवस काकी ओवरीत आली. हैबतीभोवती चार रिकामटेकडे नेहमीसारखे बसले होते. काकी म्हणाली, पाणी कमी पडतंय, घटका लहान झाली आहे. पूर्वी ती एका घटकेत दोन शेर ज्वारी दळायची. आता पावणेदोन शेर होतं न होतं तोच टोला पडतो.

ओवरी खदखदून हसली. कुणी म्हणालं, काकी, हात म्हातारे झाले तुमचे. काकीनं सांगितलं, सुनेला बसवून पाहिलं, तिचंही तेवढंच होतं. त्यावर आणखी हशा. म्हणे, आजकालच्या सुनांच्या हातात जोर कुठे आहे! हैबतीही हसला. त्यानं पात्र उचलून दाखवलं, की बघा, सोन्यासारखं झळकतंय, मूळपुरुषाच्या हातचं आहे, हे कसं खोटं बोलेल? काकी निघून गेली.

त्या संध्याकाळी तीस टोले झाले. हैबती मुक्या घटका बुडवत बसला. एक, दोन, तीन. कधी नव्हे ते त्यानं मोजायला सुरुवात केली. सूर्य मावळला तेव्हा आठ झाल्या होत्या. आठ? त्याला आठवलं, बापाच्या वेळी पाच असायच्या. आणि आजा सांगायचा की त्यानं काम हाती घेतलं तेव्हा एक किंवा दोन. मूळपुरुषाचा मान असा दर पिढीला वाढत जातो होय?

दिवसाच्या घटका तीसच असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच्या पात्रात त्या अडतीस भरत होत्या. म्हणजे पात्र लवकर बुडत होतं. रोजच्या त्या सळईनं भोक मोठं झालं होतं. पणजोबापासून आजवर प्रत्येकानं प्रेमानं, भक्तीनं, हळदकुंकू वाहून ते थोडं थोडं कोरलं होतं, आणि जास्तीच्या घटका मानाच्या म्हणून गिळल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, घटका लहान झाली तर ती सगळ्यांनाच झाली, मग एकट्या काकीचं काय बिघडलं? बिघडलं ते अंतरानं. बांधाजवळच्या शेतात तोंड उघडलं की लगेच पाणी. काकीची पाळी दोन घटकांची, पण पाणी शेवटपर्यंत पोचायलाच एक घटका लागायची. पाटाची माती पाणी पिऊन घ्यायची, ती काही टोला ऐकून थांबत नव्हती. इतरांच्या ताटातली एखादी भाकरी कमी झाली होती, काकीचं निम्मं जेवण गेलं होतं.

हैबतीला हे सगळं कळलं आणि तरी तो तीन दिवस गप्प राहिला. लाज वाटली, भीती वाटली. चार पिढ्यांचं नाव एका भोकातून बुडणार होतं. चौथ्या दिवशी अमावास्या होती, पाट बंद. तो उगाच काकीच्या शेताकडे गेला. काकी आणि सून नदीवरून घागरी आणून एकेका रोपाच्या बुडाशी ओंजळभर पाणी घालत होत्या. काकीनं त्याला पाहिलं आणि नेहमीसारखं विचारलं, जेवलास का रे? तो तसाच माघारी वळला. घरी येऊन त्यानं पात्र फडक्यात गुंडाळलं आणि तडक बाजारपेठेच्या गावची वाट धरली.

तिथे एक म्हातारा तांबट होता. त्यानं पात्र उलटंपालटं केलं, उजेडाकडे धरलं, बुडावरून अंगठा फिरवला. हैबतीनं चाचरत विचारलं, जुनी वस्तू आहे, हात लावावा की लावू नये? तांबटानं त्याला बोटानं चाचपायला लावलं. भोक तांब्यात नव्हतंच. बुडाला काशाची एक छोटी टिकली ठोकून बसवली होती आणि भोक त्या टिकलीत होतं. इतकी वर्षं घासूनही हैबतीला ते कळलं नव्हतं.

"ज्यानं हे घडवलं त्याला ठाऊक होतं की भोक झिजणार," तांबट म्हणाला. "नाहीतर सरळ तांब्यालाच भोक पाडलं असतं की. बदलता यावी म्हणूनच वेगळी टिकली बसवली त्यानं. तुम्ही मात्र बदलायची सोडून पूजा करत बसलात."

हैबतीनं तिथल्या तिथे टिकली बदलून घेतली नाही. पात्र गावाचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चावडीवर गाव जमवलं आणि सगळं सांगून टाकलं. मुक्या घटका, सळई, आपण हसलो ते, आणि कळल्यावर तीन दिवस तोंड दाबून बसलो तेही.

मग जो गलका झाला तो काय सांगू! तरणी मंडळी म्हणाली, हे भांडं मोडीत काढा, नवंकोरं आणा. म्हातारे म्हणाले, हात लावाल तर खबरदार, गावावर अरिष्ट येईल. काकीवर हसलेले ते चौघे पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. शेवटी पाटील उठले. माणूस वाईट नव्हता, पण मूळपुरुषाच्या वंशातला, तेव्हा पात्रावर जीव होता.

"हैबती, आज टिकली बदलशील, उद्या काठ झिजला म्हणून काठ बदलशील," पाटील म्हणाले. "मग मूळपुरुषाचं म्हणून उरलं काय आमच्याकडे?"

हैबतीनं पात्र उचलून सगळ्यांसमोर धरलं.

"पाटील, काठ चांगला आहे, पोट चांगलं आहे, त्याला मी हात लावू देणार नाही," तो म्हणाला. "पण मूळपुरुषानं आपल्याला भोक दिलं नव्हतं, घटका दिली होती. तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा हरवला आहे. टिकली बदलली तर तो परत मिळेल."

पाटलांनी सारजाकाकीकडे पाहिलं. ती एका बाजूला उभी होती, हातांना घागरींचे वळ होते. पाटलांनी मान हलवली.

तांबटाला गावात बोलावलं. त्यानं जुनी टिकली खिळे काढून अलगद सोडवली आणि नवी बसवली. भोक आधी मुद्दाम बारीक ठेवलं, कारण बारीक भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं बारीक करता येत नाही. पहिल्या दिवशी मावळतीपर्यंत सव्वीसच घटका भरल्या. त्यानं केसभर कोरलं. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. पुन्हा केसभर. तिसऱ्या दिवशी सारा गाव ओवरीबाहेर बसला होता. एकोणतिसावा टोला पडला तेव्हा सूर्य डोंगराच्या वर हातभर होता. पात्र तरंगत होतं, खाली जात होतं, काठाशी पाणी आलं, आणि डोंगराआड सूर्याची शेवटची कड दिसेनाशी होताना ते बुडालं. हैबतीनं टोला दिला आणि त्याचे डोळे भरून आले.

पुढच्या पाळीला काकीच्या शेतात पाणी आलं आणि पूर्ण एक घटका थांबलं. पंधरा दिवसांत मिरचीनं मान वर केली. हंगामाच्या शेवटी शेत लालभडक झालं आणि पाळी काढायचा विषयही कुणी काढला नाही. काकीनं पहिली परडी हैबतीच्या दारात नेऊन ठेवली. बायकोनं त्या मिरच्यांचा ठेचा केला, आणि त्या रात्री हैबतीच्या डोळ्यांतलं पाणी कशाचं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सळईची रीत तेव्हापासून बंद झाली. पाणीच फडक्यानं गाळून घंगाळात भरू लागले. आणि दर वर्षी दिवस-रात्र सारखी होते त्या दिवशी गाव ओवरीत जमून घटका मोठ्यानं मोजू लागलं. मोजायला पुढे पाटील. ज्या वर्षी एकतीस भरल्या, त्या वर्षी त्यांनी स्वतःच तांबटाला बोलावणं धाडलं. कुणीही हरकत घेतली नाही. ते पात्र पुढे सात पिढ्या टिकलं, आणि शेवटच्या शेतालाही त्याचं पूर्ण पाणी मिळत राहिलं.

बोध: वाडवडिलांची वस्तू जपायची असेल, तर ती ज्या कामासाठी घडवली ते काम आधी जपावं.